निम्म्याचं निम्मं

भडगावहून गिरणेच्या काठाकाठाने दोन कोस गेलं की टाकळवाडं लागतं. त्या गावात एकोणीसशे साठनंतर जन्मलेल्या कुणाचंही डोकं बघा, कसं लिंबासारखं गोल! नाकं सरळ, कपाळं रुंद. सोयरीक जुळवायला आलेली बाहेरगावची माणसं इथली पोरं बघून म्हणायची, "गावाचं पाणी चांगलं दिसतंय." पाण्याचा काडीचाही संबंध नव्हता. ते सगळं तानुबाईच्या हातांचं काम होतं.

तानुबाई म्हणजे पुनाभाऊंची बायको. घरची चार एकर केळी, थोडी कपाशी. बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. सासूने शिकवलं, सासू गेल्यावर ते आपोआप तिच्याकडे आलं. मोरीत पाट टाकून ती पाय लांब करायची, नडग्यांवर बाळ निजवायची आणि कोमट तेलाचा हात फिरवायला लागायची. टाळू भरायची, नाक चिमटीत धरून वर ओढायची, कणकेच्या गोळ्याने पाठीवरची लव काढायची. बाळ आकांत करायचं. शेजारची माणसं कानांवर हात ठेवायची आणि तानुबाई म्हणायची, "रड व माय, रड. रडशी तव्हय छाती मोठी व्हई." मग पाणी पडलं, ओव्याची धुरी झाली, की तेच बाळ दुपट्यात गुंडाळून चार तास मुटकुळं. सरपंच असो की सालदार, गावातल्या निम्म्या माणसांना तिने उलटंपालटं केलेलं होतं, त्यामुळे ती कुणालाच भीत नसे. सरपंच एकदा ग्रामसभेत आवाज चढवून बोलायला लागला तेव्हा ती मागून म्हणाली, "हाऊ धाकला व्हता तव्हयबी असाच बोंबले." सभा तिथेच आटोपली.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मात्र या बाईचे हात थरथरायला लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. भूक वाढली, अंग वाळलं. रात्री पांघरूण नको, दिवसा घामाच्या धारा. छातीत धडधड. बोलणं आधीच भरधाव होतं, ते आता कुणाच्या हाती लागेना. पुनाभाऊ म्हणाले, "चार भाकरी खास नि काडी व्हत चालनी. जास कोठे तुनं खायेल?" तिने त्यांना झिडकारलं. पण एके सकाळी उखर्डू नानांच्या नातवाला न्हाऊ घालताना तिचा डावा हात हलला आणि तेलकट बाळ नडग्यांवरून घसरलं. पाटाच्या कडेवर आदळायच्या आत तिने गुडघे जवळ घेतले. बाळाला खरचटलंसुद्धा नाही. कुणी पाहिलंही नव्हतं. तानुबाईने न्हाणं पुरं केलं, बाळ आईच्या हवाली केलं, घरी आली आणि ओट्यावर बसून रडली. त्या दिवसापासून तिने कुणाच्या बाळाला हात लावला नाही. "कंबर धरनी," असं गावाला सांगितलं आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या लताबाईला सगळीकडे पाठवू लागली.

भडगावात रुपचंद डॉक्टर होते. त्यांनी तिला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पंख्याखाली असल्यासारखा फडफडला, पंखा तर बंद होता. डॉक्टरांनी मान चाचपली, डोळे पाहिले आणि म्हणाले, "अक्का, गळ्यातली गाठ बेफाम झालीय. तिला वेसण घालावी लागेल. मुंबईला चिठ्ठी देतो." दिवाळीनंतर तिथली तारीख मिळाली.

मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. बोलायला मोकळ्या, वऱ्हाडातल्या. त्यांनी तानुबाईला समोर बसवून समजावलं, की मिठातलं आयोडीन हे या गाठीचं खाणं. आम्ही जे देणार तेही आयोडीनच, पण त्याचा सख्खा भाऊ. रूप तेच, वळण तेच, गाठीला फरक कळत नाही. ती अधाशासारखी त्याला आत घेते. फरक इतकाच की हा भाऊ पोटात विस्तव घेऊन येतो. आत जाऊन तो गाठीचा माजलेला भाग जाळतो.

तानुबाईला हे लगेच पटलं. तिने सात जुळी न्हाऊ घातली होती. "बाई, जुळामा असंच ऱ्हास. एक गरीब, एक तापट. तोंड देखीसन माय चुकस, गाठनं काय!" डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. असा पेशंट त्यांना रोज भेटत नव्हता.

मग जाड शिशाच्या भांड्यातून औषध आलं. दिसायला निव्वळ पाणी, चवही पाण्याचीच. ते नळीने प्यायला देऊन सगळे चार पावलं मागे सरकले. औषध देऊन लांब पळणारे डॉक्टर तानुबाईने पहिल्यांदाच पाहिले. तीन दिवस ठेवून घेऊन त्यांनी तिला सोडलं आणि आतल्या विस्तवाची धग दुसऱ्यांना लागू नये म्हणून सोबत एक कागद दिला. तीन आठवडे लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, गरोदर बाईजवळ बसू नये, ताट-तांब्या वेगळा, कपडे वेगळे धुवावेत. तोंड कोरडं पडेल, लिंबाची फोड चघळावी. पुढे-मागे गाठ अगदीच थंड पडली तर जन्मभर सकाळी एक गोळी घ्यावी लागेल. (तसंच झालं पुढे. तानुबाई अंगाने भरली आणि ऐन चैत्रात स्वेटर घालून हिंडू लागली. त्यावरून गावाने तिला पुष्कळ छळलं.)

निघताना तिने एकच विचारलं, सगळं औषध अंगातून कधी जाणार. "हाई आंगमातून बठ्ठं कव्हय जाई?"

"आठ दिवसांनी निम्मं होतं," बाई म्हणाल्या. "आणखी आठ दिवसांनी त्याचं निम्मं. असं कमी कमी होत जातं." तेवढ्यात त्यांना आतून हाक आली आणि त्या उठल्या. घोळ झाला तो इथेच.

चाळीसगावहून भडगावच्या एसटीत एक तरणी बाई काखेत बाळ घेऊन चढली. तिने पिशवी ठेवायला जागा शोधत तानुबाईपुढे बाळ धरलं, "मावशी, जरासं धरा ना." जन्मात पहिल्यांदा तानुबाई बाळ बघून अंग चोरून उठली आणि थेट मागच्या सीटवर जाऊन बसली. "केवढा तो गर्व!" बाई म्हणाली. तानुबाईने ते ऐकून घेतलं. मुंबईपासून सोबत असलेल्या पुनाभाऊंनीही ऐकलं, ते उठून तिच्यामागे गेले आणि वाटेत तिला दोनदा लिंबू कापून दिलं.

घरी शेवटच्या खोलीत तिचं बिऱ्हाड मांडलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई पुन्हा 'बाहेरची' झाली म्हणून बायका पदराआड हसल्या. शेजारच्या यशोदाबाईने उपायही सांगितला, "डोकावरथीन पानी ले, गोमूत्र शिपड, झायं." "हाऊ इटाळ पानीघाई जात नही," तानुबाईने आतून सुनावलं. उखर्डू नानांना तर वेगळीच शंका. "तानु, तू काय लाइट पिसन उनी का?" असं विचारून ते आपला ट्रान्झिस्टर घेऊन आले आणि तिच्या खोलीच्या दिशेने तो पुढे-मागे करू लागले. "वाढनी! खरखर वाढनी!" नाना ओरडले. पोरंटोरं गोळा झाली. तानुबाई आतून म्हणाली, "नाना, तुमना रेडिओ मनं लगीन व्हयनं तव्हयपाईन खरखर करस." सगळा ओटा खदखदला. नानाही हसले, पण जाताना सेल काढून खिशात ठेवले.

हे सगळं तिने आनंदाने सोसलं, कारण तिचा हिशेब चोख होता. तिची एकुलती एक मुलगी मंदा धुळ्याला दिलेली. जावई सुकदेव तिथल्या डेपोत कंडक्टर. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दुनियेची पोरं तानुबाईच्या नडग्यांवर वाढली, आणि स्वतःच्या लेकीच्या बाळासाठी ठेवलेलं दुपटं पेटीत पडून होतं. आता मंदाला दिवस होते आणि दीड महिना बाकी होता. तीन आठवडे संपले की मंदाला माहेरी आणायचं, तोवर हातही थांबतील, आणि मग या बाळाला आपण न्हाऊ घालायचं. त्यासाठीच ती मुंबईला गेली होती. स्वतःच्या जिवासाठी गेली नसती.

पण बाळं पंचांग बघून येत नाहीत. बाराव्या दिवशी सुकदेव हातात पेढे घेऊन दारात. मंदा महिनाभर आधीच मोकळी झाली होती. मुलगी झाली, लहानखुरी पण ठणठणीत. तानुबाईने खोलीच्या दारातून पेढा फेकायला सांगितला आणि पदरात झेलला. मग ती एकटीच इतकी नाचली की पुनाभाऊंनी दार लोटून घेतलं.

बारसं उरकून मंदा बाळासह टाकळवाड्याला आली तो तानुबाईचा चोविसावा दिवस. कागदावरची मुदत संपून तीन दिवस झाले होते. अंगणात बायका जमल्या. लताबाईने मोरीत पाट टाकला, पाण्याचा हंडा काढला, तेल कोमट केलं आणि हाक मारली, "अक्का, इ जाय व! पोर वाट देखी राहिनी."

तानुबाई दारात आली. सहा हातांवरून तिने बाळ पाहिलं. इवलंसं नाक, कानाशी केसांची झालर. तिचे डोळे भरून आले. मग ती दोन पावलं मागे गेली.

"नही. आजून शे मना आंगमा. लता, तूच न्हाव घाल."

कुणाला काही कळेना. यशोदाबाई म्हणाली, कागद संपला. पुनाभाऊ म्हणाले, डॉक्टरांनीच तीन आठवडे सांगितले. पण ती काही ऐकेना. त्या चोवीस दिवसांत, करायला काही नसल्यामुळे, तिने एक उद्योग केला होता. भाकरी घ्यायची, मोडायची. आठ दिवस. निम्मी पुन्हा मोडायची. आठ दिवस. चतकोर, मग चतकोराचं निम्मं, मग घास, मग कण. कणाचंही निम्मं होतंच. ताटात काही ना काही उरतच होतं. कागदावरचे तीन आठवडे म्हणजे नुसते तीन तुकडे! लोकांच्या बाळासाठी कदाचित चालेल, तिने ठरवलं, पण सात वर्षांनी आलेल्या या बाळाला तो विस्तव लागला तर?

मग रोज सकाळी एक मजा व्हायची. लताबाई मोरीत बसायची आणि तानुबाई सहा हातांवर ओट्याच्या खांबाला टेकून न्हाणं चालवायची. "नाक वर वढ! वर! ते काय भजं शे का?" "कानमांगे तेल लाव." "हळू व लता, पोर शे, कपडा नही धोवानं!" लताबाईचे कान किटायचे. ती हसून म्हणायची, "अक्का, तू आठे नही तरी मना आंगवर बठेल शे." गल्लीतल्या बायका हे ऐकायला मुद्दाम पाणी भरायच्या वेळा बदलून यायच्या.

मंदा मात्र हसत नव्हती. तिने आठवडाभर पाहिलं. आई लांबून बोलते, लांबून हसते, पण बाळ रडलं तरी जवळ येत नाही. एका दुपारी बाळ पाळण्यात होतं आणि दोघी अंगणाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मंदा म्हणाली, "माय, खरं सांग. पोरगी झायी म्हणीसन तू तिले हात लावत नही ना? सासूनंबी तोंड पडेल व्हतं. तुनंबी मन पडनं का?"

तानुबाई उठून उभी राहिली. "कोन बोलनं तुले असं?"

"कोनी बोलाले कसाले जोईजे? माले डोया शेतस."

तानुबाई आत गेली, भाकरी घेऊन आली आणि लेकीसमोर मोडू लागली. "हाई आख्खी. आठ दिनमा निम्मी. आखो आठ दिनमा तिनी निम्मी." मोडता मोडता कण उरले. "देख. उरसच ना काहीतरी! मी तुनी पोरले कशी लिऊ?"

मंदा दहावी शिकलेली. ती त्या कणांकडे पाहत राहिली. आईच्या मनात काय आहे ते तिला कळलं, आणि बरंही वाटलं, पण लगेच दुसरीच गोष्ट ध्यानात आली.

"माय, असं मोजं तं हाई कव्हयच सरावं नही. मनी पोर लगीननी व्हई, तरी तू तिले लेवाव नही का?"

सव्वा महिना भरला की सुकदेव दोघींना न्यायला येणार होता. त्याला वीस दिवस राहिले होते. "मंग मी काय करू?" तानुबाईने उलट लेकीलाच सल्ला विचारला. टाकळवाड्यात असं आजवर घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंदाने तिच्या सांगण्यावरून मुंबईला आंतर्देशीय पत्र लिहिलं. भाकरीचा सगळा हिशेब त्यात घातला आणि शेवटी तानुबाईचा एकच सवाल: 'बठ्ठं कव्हय सरी?' वर पत्ता रुपचंद डॉक्टरांनी घालून दिला. तेही म्हणाले, "अक्का, घ्या हो बाळाला, काही होत नाही." पण औषध पाजून मागे पळाले होते ते मुंबईचे डॉक्टर, तेव्हा शब्दही त्यांचाच हवा, असं तिचं म्हणणं. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. तेवढे दिवस पोस्टमन वनाभाऊंना गावात शिरण्याआधी नदीच्या उतारावरच तानुबाई गाठायची.

सुकदेव यायला चार दिवस उरले असताना पत्र आलं. मंदाने ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं, कारण निम्मी गल्ली ऐकायला जमली होती.

'तानुबाईंस नमस्कार. तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. आमचे विद्यार्थीसुद्धा इतका मन लावून करत नाहीत. निम्म्याचं निम्मं करत गेलं तर शून्य कधीच येत नाही. चूक माझी, मी अर्धवट सांगून उठले. पण ऐका. तुमच्याकडे केळी पिकतात ना? केळ्यात क्षार असतात, त्या क्षारांतही असाच एक तापट भाऊ निसर्गतःच असतो, अगदी कणभर. तो केळ्यात आहे, भाकरीत आहे, तुमच्या लेकीच्या अंगात आहे आणि तुमच्या नातीच्याही अंगात ती जन्मली तेव्हापासून आहे. औषध पिण्याआधी तुमच्यातही होता. शून्य या जगात कुणीच नाही. म्हणून आम्ही संपायची वाट बघत नाही. कुणाला इजा होणार नाही इतकं कमी कधी होतं ते मोजतो, आणि वर थोडे दिवस जास्तीचे धरून कागदावर लिहितो. तुमची मुदत केव्हाच संपली. आता उगाच वेळ घालवू नका. बाळाला घ्या.'

उखर्डू नाना सर्वांत आधी पुढे झाले. "म्हंजे मीबी लाइट शे का?" त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं. पोरं खिदळली. पण तानुबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मंदाला ती ओळ पुन्हा वाचायला लावली, नातीच्या अंगात जन्मल्यापासून आहे ती. मग तिसऱ्यांदा. मग ती पदर खोचत मोरीकडे निघाली.

लताबाईने पाट टाकला. तानुबाई बसली, पाय लांब केले आणि दोन्ही हात समोर धरून बोटं निरखली. बोटं थांबली होती. तरी ती म्हणाली, "मंदा, तूच ठेव. माले भीव वाटस." मंदाने बाळाला आणून आईच्या नडग्यांवर निजवलं आणि तिथेच खाली बसली.

न्हाणं नेहमीपेक्षा दुप्पट वेळ चाललं. टाळू भरली, नाक ओढलं, कानाच्या पाळ्या चोळल्या. बाळाने असा टाहो फोडला की लताबाई म्हणाली, "मना हातमा कव्हय अशी रडनी नही व!" तानुबाईचे गाल ओले झाले होते, आणि ती मोठमोठ्याने हसतही होती. "रड, रड मनी माय," ती म्हणत होती, "बठ्ठी गल्लीले आयकू दे." पेटीतलं दुपटं आणलं. धुरी झाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं.

हंडा रिकामा झाला, बायका घरोघर गेल्या, ऊन मोरीच्या भिंतीवरून खाली उतरलं, तरी तानुबाई उठेना. पायांना मुंग्या आल्या होत्या. लताबाईने बाळ घ्यायला हात पुढे केले तर ती म्हणाली, "जाय तू. मी बठस." पुनाभाऊ बघून गेले, पुन्हा येऊन बघून गेले. शेवटी त्यांनी ताट वाढून मोरीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. तानुबाईचे दोन्ही हात दुपट्याखाली गुंतलेले होते. मंदाने ताट जवळ ओढलं, घास केला आणि आईला भरवला.